अंथरुणाला खिळलेला रुग्ण : कूस, उशी आणि उंबरा

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दवाखाना बंद करून मी शटर ओढत होतो, तेवढ्यात एक काळीपिवळी जीप समोर येऊन थांबली. मागच्या बाकावर एका वयस्कर बाईंना मुलाने आणि जावयाने दोन्ही दंडांना धरून कसेबसे बसवले होते. आठ दिवसांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. परभणीला उपचार झाले, सुट्टी मिळाली आणि आता मंडळी त्यांना गावी नेत होती. मुलाच्या एका हातात औषधांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात स्कॅनचे ते मोठे पाकीट. "साहेब, गोळ्या बरोबर हायेत का तेवढं बघा," तो म्हणाला. मी पाहिले. रक्त पातळ ठेवण्याची, रक्तदाबाची, चरबीची, सगळे व्यवस्थित लिहून दिलेले होते. मग मी विचारले, "घरी नेल्यावर माईला कसं झोपवणार?"

मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला. डॉक्टरने असा काय प्रश्न विचारावा, असे त्याला वाटले असणार. "कसं म्हंजे? बाजेवर."

त्या उत्तरामुळेच आजचा लेख लिहायला घेतला आहे.

देवगाव फाट्यावर सेलू, जिंतूर आणि मंठा या तिन्हीकडचे रस्ते मिळतात. मोठ्या दवाखान्यातून सुट्टी झालेला रुग्ण गावाकडे निघाला की पुष्कळदा या फाट्यावर थोडा वेळ थांबतो. कोणी चहासाठी थांबते, कोणी माझ्याकडे कागद दाखवायला. गेली पंचवीसेक वर्षे मी हे पाहत आलो आहे. मोठ्या दवाखान्यात पाळी बदलली तरी सिस्टर असतेच. घरी तिच्या जागी सून असते, मुलगी असते किंवा सत्तरीची बायको असते. तिला कोणी काही शिकवलेले नसते. सुट्टीच्या कागदावर गोळ्यांची नावे असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. पण रुग्णाला दोन तासांनी कुशीवर करा, पाजताना बसते करा, रात्री एकट्याने उठू देऊ नका, या गोष्टी बहुतेक वेळा त्यावर नसतात. माझ्याही कागदावर त्या पुष्कळ वर्षे नव्हत्या. त्याची किंमत कोणी दिली, ते आधी सांगतो.

मी दवाखाना टाकून दोन-तीन वर्षे झाली होती. जवळच्या एका गावचे साठीतले शेतकरी पक्षाघाताने पडले. परभणीला राहण्याची ऐपत नव्हती, म्हणून घरीच उपचार करू, असे ठरले. मी दिवसाआड मोटारसायकलवर जात असे. रक्तदाब पाही, नाडी पाही, छातीला नळी लावी, सलाईन चढवी, चार शब्द बोलून परत येई. त्यांच्या अंगावर कायम एक वाकळ असायची. ती वाकळ मी अठरा दिवसांत एकदाही दूर केली नाही. अठराव्या दिवशी खोलीत शिरताच वास आला. कुशीवर करून पाहिले, तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती आणि तिच्या तळाशी हाड दिसत होते. बायको म्हणाली, "साहेब, हलवलं की कण्हतेत, म्हणून त्यायला हलवलंच नाही. म्हणलं, आराम पडू द्यावा."

तिने प्रेमानेच ते केले होते. हलवा म्हणून तिला सांगणे माझे काम होते, ते मी केले नाही. पुढे ताप चढला, जंतू रक्तात गेले आणि तेराव्या दिवशी ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर मी कारण लिहिले 'पक्षाघात'. ते खोटे नव्हते. परंतु पक्षाघातातून ते वाचले होते, हे मला ठाऊक होते. त्या बाईंनी मला दोष दिला नाही. त्या दिवशीही मला चहा करून दिला.

आता ही जखम होते कशी, ते पाहू. आपण गाढ झोपेत असलो तरी रात्रभर नकळत कूस बदलत असतो. हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी दाबली गेली की तेथील बारीक रक्तवाहिन्या चेपतात, रक्त पोहोचत नाही, अंग कुरकुरते आणि आपण वळतो. लुळ्या पडलेल्या, बेशुद्ध किंवा खुबा मोडलेल्या माणसाचे अंग एक तर कुरकुरत नाही, किंवा कुरकुरले तरी त्याला वळता येत नाही. असा दाब काही तास सलग राहिला की कातडी आणि तिच्या खालचे मांस मरू लागते. याला शय्याव्रण म्हणतात. आपल्याकडे लोक 'पाठीला पडलं' असे म्हणतात. जेथे हाड कातडीच्या लगेच खाली असते तेथे हा धोका जास्त : माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू आणि कुशीवर झोपवल्यास कानाची पाळीसुद्धा. त्यात लघवीने ओले झालेले धडपे तसेच राहिले, साखरेचा आजार असला, रक्त कमी असले, पोटात दूध-डाळ जात नसली, की जखम आणखी लवकर होते.

पहिली खूण म्हणजे लाल डाग. बोटाने दाबल्यावर डाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर तेथे अजून रक्त फिरते आहे. दाबूनही लालच राहिला, तर धोका सुरू झाला असे समजावे. परंतु पुस्तकातील हा लाल डाग गोऱ्या कातडीवरचा आहे. उन्हातान्हात राबलेल्या आपल्या माणसांच्या सावळ्या अंगावर तो दिसेलच असे नाही. तेथे डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. आजूबाजूपेक्षा तो भाग गरम लागतो, कडक किंवा पिचपिचीत लागतो, कधी जांभळट-काळसर दिसतो. रोज अंग पुसताना उजेडात या सगळ्या जागा एकदा हाताखालून घालाव्यात. त्याला दोन मिनिटे लागतात.

डाग दिसला की घरातील माणसे सर्वांत आधी तेथे तेल लावून चोळतात. कृपा करून चोळू नका. आतले मांस आधीच अर्धमेले झालेले असते, ते चोळण्याने आणखी फाटते. त्या जागेवरचा भार काढणे हाच तेथे उपचार. आमच्या शिक्षणाच्या काळात वॉर्डात स्पिरिट लावून पाठ चोळायची आणि वर पावडर मारायची पद्धत होती. मीही ते पुष्कळ रुग्णांना सांगितले आहे. ती पद्धत आता मोडीत निघाली आहे. तशीच मोडीत निघाली ती मधे भोक असलेली रबरी चकती. औषधांच्या दुकानात ती अजून मिळते आणि लोक हौसेने आणतात. तिच्या कडेचा दाब जखमेभोवती गोल बसतो आणि मधल्या भागाचे रक्त उलट कमी होते.

अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकाऊ डॉक्टर असताना आमच्या वॉर्डाला एक इन्चार्ज सिस्टर होत्या. कडक बाई. सकाळी सरांची फेरी यायच्या आत त्या स्वतः एक फेरी मारत आणि प्रत्येक पडून असलेल्या रुग्णाच्या टाचेखाली हात घालून पाहत. एकदा मला त्यांनी हटकले : "डॉक्टर, तुम्ही याचे हृदय ऐकले, फुप्फुसे ऐकली. पाठ पाहिली का?" मला राग आला होता. पाठ पाहणे हे काही डॉक्टरचे काम नव्हे, अशी आम्हा पोरांची समजूत होती. ती समजूत घेऊनच मी या फाट्यावर आलो, आणि वर सांगितलेले शेतकरी त्या समजुतीपायी गेले.

शय्याव्रण हे नशीब नाही, ही गोष्ट जगाने तशी अलीकडेच शिकली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाठीचा कणा मोडून कमरेखाली लुळा पडलेला सैनिक बहुधा वाचत नसे. जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग त्याला संपवत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात लुडविग गटमन या डॉक्टरांनी अशा सैनिकांचा विभाग सुरू केला आणि नियम घातला, की दिवस असो वा रात्र, दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. माणसे जगू लागली. जगलेल्या माणसांना करायला काही हवे, म्हणून गटमन यांनी १९४८ साली त्यांच्यासाठी खेळांच्या स्पर्धा भरवल्या, आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या अशाच स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. वाचकांना नवल वाटेल, पण त्या पदकाची वाट दोन तासांच्या कुशीवरूनच जाते, असे मी मानतो.

यापेक्षाही मोठा दाखला आपल्या मुंबईत आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्या अंथरुणावर होत्या. त्यांची सेवा केली ती त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, पण सेवा थांबली नाही. दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी जानेवारी २०११ मध्ये त्यांना तपासले. त्यांच्या अहवालात स्वच्छ नोंद आहे : अंगावर शय्याव्रण नाही, आणि जुना शय्याव्रण भरून आल्याची खूणही नाही. सदतीस वर्षे अंथरुणावर काढलेल्या बाईच्या अंगावर! दयामरणाचा वाद मोठा आहे, त्यात मी येथे शिरत नाही. मला त्या अहवालातील ते एक वाक्य पुरेसे आहे. तेथे कसले महागडे औषध नव्हते. तेथे हात होते, घड्याळ होते आणि पाळी ठरलेली होती. त्याच अहवालात त्यांची मनगटे आणि गुडघे आखडून वाकल्याचीही नोंद आहे. म्हणून कुशीबरोबर सांधेही हलवावेत : लुळ्या बाजूचा खांदा, कोपर, मनगट, बोटे, गुडघा, घोटा हे सगळे सकाळ-संध्याकाळ, दुखणार नाही इतपत, सावकाश.

घरी कूस बदलायची कशी? एकटी बाईसुद्धा हे करू शकते. ताकद फारशी लागत नाही, पण रीत लागते.

रुग्ण उताणा आहे आणि त्याला डाव्या कुशीवर करायचे आहे, असे समजा. आपण त्याच्या डाव्या बाजूला उभे राहावे. म्हणजे तो आपल्याकडे वळेल आणि पलीकडे गडगडून पडणार नाही. आधी त्याला थोडे पलीकडच्या काठाकडे सरकवून घ्यावे, नाहीतर वळल्यावर तो अलीकडच्या काठाशी येतो. मग त्याचा उजवा हात छातीवर आडवा ठेवावा, उजवा गुडघा वाकवून पाऊल अंथरुणावर टेकवावे. आपला एक हात त्याच्या उजव्या खांद्यामागे, दुसरा उजव्या खुब्यामागे, आणि हलकेच आपल्याकडे वळवावे. वाकलेला गुडघा तरफेसारखे काम करतो. पाठीमागे एक उशी किंवा गोधडीची वळकटी लावावी. पूर्ण काटकोनात, खुब्याच्या हाडावर उभे करून ठेवू नये. पाठ उशीला किंचित रेलून राहील इतपत तिरपे ठेवावे. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक मऊ उशी ठेवावी. उताणे असताना पोटऱ्यांखाली उशी अशी घालावी की टाचा अधांतरी राहतील. टाच अंथरुणाला टेकली नाही, तर तेथे जखम होत नाही. लुळ्या कुशीवर झोपवू नये असा एक समज आहे, तो खरा नाही. झोपवता येते, फक्त खालचा लुळा खांदा अंगाखाली चेपू न देता थोडा पुढे ओढून घ्यावा.

वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नये. ओढले की पाठीची कातडी चादरीला चिकटून राहते, आतले मांस सरकते आणि जखमेची सुरुवात होते. त्यासाठी घरातीलच उपाय आहे. जुने सुती लुगडे किंवा धोतर चौपदरी करून रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली अंथरावे. दोघांनी दोन बाजूंनी ते अंगालगत गुंडाळून घट्ट धरावे, गुडघ्यात वाकावे आणि 'एक, दोन, तीन' म्हणत उचलून सरकवावे. कमरेत वाकून उचलणाऱ्या सुना पुढच्याच महिन्यात स्वतः कंबर धरून माझ्याकडे येतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. लुळा हात धरून तर कोणालाही कधी उठवू नका. लुळ्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, एका झटक्याने सांधा खाली उतरतो आणि पुढे कायमचा दुखतो. त्या जीपमध्ये मुलगा आणि जावई माईंना दंडाला धरून बसले होते, ते पाहूनच माझ्या पोटात गोळा आला होता.

बाजेविषयीही एक सांगायचे आहे. नवार सैल पडलेली बाज मधे झोळीसारखी होते, सगळा भार बसण्याच्या हाडांवर येतो आणि वळवणाऱ्याचेही हाल होतात. नवार ताणून घ्या, किंवा वर फळी टाकून जाड गादी घाला. कापसाची गादी दबून दगड झाली असेल तर पिंजून घ्या; आपल्या भागात कापसाला तोटा नाही. हवेची मोटार लावलेली गादी मिळते, ती चांगली. परंतु तिने कूस बदलण्याची सुट्टी मिळत नाही. वीज गेली की मोटार बंद पडते, आणि आपल्याकडे वीज किती वेळ असते ते वाचक जाणतातच. गादीवर अंगभर रेक्झिन टाकल्यास घामाने पाठ भिजते. कमरेपुरता तुकडा चादरीखाली पुरतो.

आता पाजण्याविषयी. उताण्या रुग्णाच्या तोंडात चमच्याने पाणी सोडणे ही आपल्याकडची मायेची रीत आहे, आणि तितकीच धोक्याचीही. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही ढिले पडतात. पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. पाठीला टेका देऊन ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, घास चांगल्या बाजूच्या गालात. मागचा घास गिळल्याशिवाय पुढचा देऊ नये. खोकला आला, आवाज घोगरा-ओला झाला, तर थांबावे आणि डॉक्टरांना सांगावे. अशा रुग्णाला कधी कधी नाकातून नळीच घालावी लागते. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पेज गिळायला सोपी जाते. खाऊन झाल्यावर लुळ्या गालात अडकलेले शित बोटाला फडके गुंडाळून काढावे आणि अर्धा तास तरी बसते ठेवावे.

येथपर्यंत न उठणाऱ्या रुग्णाचे झाले. आता उठू लागलेल्या रुग्णाकडे येऊ, कारण दुसरा धोका तेथेच असतो : पडण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो. आपल्याकडे यातील पुष्कळ मृत्यू 'म्हातारपणाने गेले' असेच सांगितले जातात.

माझी आई माझ्याच घरात पडली. रात्रीचे दोन वाजले असतील, वीज गेलेली होती. ती न्हाणीकडे निघाली, उंबऱ्याला पाय अडला आणि ओल्या फरशीवर उजव्या अंगावर आपटली. खुबा मोडला. घर नवे बांधताना मी हौसेने गुळगुळीत फरशी बसवली होती. न्हाणीत धरायला काही नव्हते. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, मीच लिहून दिलेली लघवी होण्याची गोळी ती सकाळऐवजी रात्री जेवणानंतर घेत होती. कधी घेतेस, हे मी तिला विचारलेच नव्हते. परक्या रुग्णांना विचारतो, आईला नाही. शस्त्रक्रिया झाली, वॉकर धरून ती घरात फिरू लागली. पण शेताकडे ती परत कधी गेली नाही.

म्हणून माझ्याकडे म्हातारे माणूस आले की सगळ्या गोळ्या पिशवीसकट घेऊन या, असे मी सांगतो. लघवीची गोळी, झोपेची गोळी, प्रोस्टेटची गोळी, रक्तदाबाच्या दोन-दोन गोळ्या यांतून पुष्कळ पडणे होते. मनाने बंद मात्र करू नका, डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या. झोपेतून उठताना एकदम उभे राहू नये. डोळे उघडल्यावर थोडे पडून राहावे, मग पाय खाली सोडून बसावे, चक्कर नाही ना हे पाहावे आणि मगच उभे राहावे. बाजेची उंची अशी हवी की बसल्यावर दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकतील. रात्री उशापाशी हाताला येईल अशी बॅटरी ठेवावी. भांडे किंवा मधे भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची बाजेशेजारी ठेवली तर न्हाणीची रात्रीची फेरीच वाचते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. न्हाणीच्या भिंतीत लोखंडी दांडा गवंड्याकडून पक्का बसवून घ्यावा. टॉवेल अडकवायची नळी धरून उठणारा माणूस नळीसकट खाली येतो. पायात ढिली स्लिपर नको.

काठी हाही असाच एक विषय. बहुतेक जण ती दुखऱ्या पायाच्या बाजूला धरतात. ती चांगल्या बाजूच्या हातात धरायची असते. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मनगटाला लागेल एवढी काठी पुरे. तिच्या खालचे रबरी बूच झिजले की बदलावे.

लुळ्या बाजूच्या रुग्णाला खुर्चीत बसवायचे असेल, तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला लावावी आणि चाकांची असेल तर चाके आधी अडकवावीत. त्याच्या कमरेला उपरणे घट्ट बांधून ते धरावे, हात धरू नये. चालता चालता तो खचू लागला, तर त्याला उभे धरण्याचा हट्ट करू नका, दोघेही पडता. आपला एक पाय पुढे करून त्याला आपल्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर घसरू द्यावे. आणि एक विनंती : रात्री उठून पडू नयेत म्हणून म्हाताऱ्यांना लुगड्याने बाजेला बांधून ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, लोंबकळतो, गळ्याला फास बसू शकतो. त्यापेक्षा गादी जमिनीवर टाका. शुश्रूषा करणाऱ्याला वाकावे लागते हे खरे, पण जमिनीवरून कोणी पडत नाही.

इतके करूनही कोणी पडलाच, तर चटकन हात देऊन उभे करू नका. पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, तर खुबा मोडला असे समजावे. दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून पाय एकत्र बांधावेत, फळीवर किंवा दारावर निजवून दवाखान्यात न्यावे. चोळणाऱ्याकडे आठ-आठ दिवस घालवू नयेत. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत झालेली बरी. उशीर होईल तितके न्यूमोनिया, शय्याव्रण आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे भय वाढते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरून काही दिसले नाही तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात दाखवावे.

त्या जीपमधल्या माईंकडे मी पंधरा दिवसांनी गेलो होतो. त्या संध्याकाळी मी मुलाला आणि जावयाला दवाखान्यातील टेबलावर कूस बदलून दाखवली होती. मुलाने घरी जाऊन बायकोला शिकवली, आणि बायकोने सातवीतल्या मुलीला. मुलीने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारून तक्ता केला होता : वेळ, डावी, पाठ, उजवी, आणि कोणी केली त्याचे नाव. मी माईंची पाठ पाहिली, टाचेखाली हात घातला. कातडी चांगली होती. मग तक्ता पाहिला. दिवसाचे रकाने भरलेले होते. कापूस वेचायला सगळे गेले त्या दिवशीसुद्धा शेजारच्या काकूचे नाव होते. पण रात्री बारा ते पाच बरेचसे रकाने कोरे होते. मुलगी म्हणाली, "डॉक्टरकाका, खोटं लिहायचं नाही असं मीच सांगितलंय."

मुलगा खाली मान घालून उभा होता. दिवसभर राबून झोप लागते, तो तरी काय करणार? मी विचारले, शेताला पाणी कधी देतोस? तो म्हणाला, या आठवड्यात लाईट रात्री बाराला येते, मोटार चालू करायला जावे लागते आणि तीन-साडेतीनला परत येतो. मग जाताना एकदा आणि आल्यावर एकदा, एवढे ठरले. मधल्या तासांसाठी उश्या नीट लावून द्यायच्या आणि पहाटे पाचला सून उठते, तेव्हा तिची पाळी. मधे साडेतीन तास जातात, दोन नाहीत. माईंची कातडी तेवढे सोसते का, ते रोज सकाळी हात घालून पाहायचे. डाग दिसला तर एक गजर वाढवायचा. मुलीने तेथेच पेन काढून रात्रीच्या रकान्यांत बाराच्या पुढे 'बाबा, मोटारीला जाताना' असे लिहिले.